बरणीतलं लाकूड

“थांबा, अजून आत पाणी आहे.”

हे वाक्य तात्यांच्या तोंडात इतकं बसलं होतं, की गल्लीने त्यांचं नावच थांबातात्या पाडलं. तात्या दगड घासायचे. रंगीत दगड आणायचे, पाण्याच्या धारेखाली चाकावर धरायचे आणि गुळगुळीत करून द्यायचे. त्यातही ओपल हा त्यांचा जीव की प्राण. ओपल तसा दगडच, पण त्याच्या पोटात पाणी असतं. घाईने वाळवला तर त्याच्या अंगावर तडे जातात आणि सगळी मेहनत मातीत जाते. तेव्हा ओपलबद्दल तात्यांचं ते वाक्य अगदी खरं होतं.

पण तात्या ते कशालाही लावत. भिंतीला रंग दिला, तो वाळून खडखडीत झाला, पाहुणा टेकायला गेला तोच तात्या ओरडले, “थांबा!” शेजारच्या सलूनवाल्याने नव्या खुर्च्या घ्यायचं मनावर घेतलं, तर त्याला म्हणाले, “थांब, त्या विचारात अजून पाणी आहे.” बिचारा अजून जुन्याच खुर्चीत लोकांच्या माना वाकवतो आहे. एकुलत्या एक मुलीने फोनवर सांगितलं, की तिने लग्न ठरवलं आहे, तेव्हाही तात्यांनी तेच ऐकवलं.

मुलगी म्हणाली, “बाबा, तो माणूस आहे, दगड नाही.”

“दगड असता तर मी कधीच हो म्हटलं असतं,” तात्या म्हणाले आणि फोन तिच्या आईकडे, म्हणजे काकूंकडे दिला.

या माणसाबरोबर काकूंनी संसार केला होता. पुढच्या खोलीत चाक, मागच्या खोलीत चूल आणि दोन्ही खोल्यांभर पाणी. वाट्यांत पाणी, पेल्यांत पाणी, जुन्या डब्यांत पाणी, आणि प्रत्येक पाण्याच्या तळाशी एक दगड निवांत पडलेला. घरात तहान लागली तर माणसाने आधी पेल्यात डोकावून बघायचं, मग तोंडाला लावायचा. काकूंच्या धाकट्या बहिणीला हा नियम ठाऊक नव्हता. पहिल्यांदा आली तेव्हा ती गटागटा पाणी प्यायली आणि शेवटच्या घोटाला दाताशी काही तरी टकटक वाजलं.

“भावजी,” ती दगड तळहातावर घेऊन म्हणाली, “तुमच्या पाण्याला बी आहे हो!”

तात्यांनी दगड तिच्या हातातून काढून घेतला, उजेडात धरून फिरवला, काही झालं नाही ना ते बघितलं. बहिणीच्या दाताला काही झालं का, हे मात्र काकूंनाच विचारावं लागलं.

या सगळ्या पाण्यांची राणी म्हणजे खिडकीतल्या फळीवरची काचेची बरणी. तिच्यात काकूंच्या माहेरचा दगड होता. काकूंचे वडील खाणीवर मुकादम होते. पांढऱ्या मऊ मातीच्या थरात त्यांना तो सापडला होता. बघणाऱ्याला वाटावं, फांदीचा तुकडा आहे. एका अंगाला तपकिरी, त्यावर लाकडाची वलयं, एक गाठ, साल जिथे होती तिथला खडबडीतपणा, सगळं जसंच्या तसं. आणि दुसऱ्या अंगाला काचेसारखा स्वच्छ ओपल. त्यात हिरवा, निळा, मधूनच एखादा लाल विस्तव पेटायचा आणि मान जरा हलवली की विझायचा.

लग्न ठरलं तेव्हा वडिलांनी तो लेकीच्या हातात दिला. नवरामुलगा दगड घासणारा आहे म्हटल्यावर दुसरं काय देणार! तात्यांनी तो खिडकीशी नेला आणि तिथेच खिळून राहिले. मग म्हणाले, “याचा खडा घडवून तुझ्या गळ्यात घालीन. माझा शब्द.”

काकूंनी काही सांगायला तोंड उघडलं.

“थांब,” तात्या म्हणाले, “अजून आत पाणी आहे.”

त्या दिवशी दगड बरणीत गेला तो गेलाच. मुलगी रांगायला लागली, शाळेत गेली, शिकून दूरच्या शहरात नोकरीला लागली. तात्यांच्या मिशा पांढऱ्या झाल्या. बरणीतलं पाणी बदललं जायचं, बरणी पुसली जायची, दगड तिथेच. तात्या त्याचा विस्तव खोलीकडे करून ठेवायचे. काकू झाडलोट करताना बरणी फिरवायच्या आणि तपकिरी अंग पुढे आणायच्या. संध्याकाळी तात्या ती पुन्हा फिरवायचे आणि पुटपुटायचे, “ही मांजर बरणीला अंग घासते वाटतं.” घरात मांजर नव्हती.

गल्लीत कोणी नवा माणूस आला, की तात्या त्याला बरणीपुढे उभा करत. “हे झाड होतं बरं का,” असं ते सुरू करत, आणि त्यांचा आवाज एकदम खाली येई, जणू झाड शेजारच्या खोलीत झोपलं आहे. “कोणत्या काळी उभं होतं, कोणी पाहिलंय! डोंगराने राख ओकली, झाड तळ्यात पडलं, वरून राखेची रजई. त्या राखेतून पाणी झिरपायचं, आणि पाण्यात विरघळलेली गारगोटी. थेंब थेंब ती लाकडात शिरली. लाकूड कणाकणाने उठून गेलं आणि त्याच्या प्रत्येक घरात गारगोटी राहायला आली. भाडेकरू बदलले, पण भिंती त्याच. म्हणून वलयं अजून मोजता येतात.”

“आणि हे रंग?” ऐकणारा विचारी.

इथे मात्र तात्यांना संत्री लागत. समोरच फळवाल्याची गाडी असे. तात्या माणसाला दंडाला धरून तिथे नेत आणि संत्र्यांच्या ढिगाकडे बोट करत. “ओपलच्या पोटात असे गोळे असतात, डोळ्याला कधीच दिसायचे नाहीत इतके बारीक. ही सगळी संत्री एका मापाची आहेत, म्हणून ढीग कसा शिस्तीत बसला बघा. तसे गोळे शिस्तीत बसले, की त्यांच्या मधल्या फटींतून उजेड फिरताना वाटला जातो आणि रंग बाहेर पडतात. रंग कुठे लावलेला नाही! गोळे लहान असले तर निळा, मोठे असले तर लाल. आणि लहानमोठे, वेडेवाकडे बसले, तर नुसतं दूध.” हे दाखवायला ते खालचं एक संत्रं काढून तिथे लहान संत्रं बसवू पाहत, आणि ढीग रस्त्यावर येई. त्या दिवसापुरतं फळवाला आणि तात्या यांचं बोलणं बंद.

“मग त्या तपकिरी अंगाचं काय?” सलूनवाल्याने एकदा गुडघे टेकून संत्री गोळा करता करता विचारलं.

“ते होय!” तात्यांनी हात झटकला. “तिथे लाकूड होतं. गर्दीत गोळे कसेबसे बसले, त्यात पाण्याबरोबर लोखंडाचा गंज आला, झालं तपकिरी. जिथे लाकूड आधीच कुजून पोकळी झाली होती, तिथे मात्र गोळ्यांना ऐसपैस जागा मिळाली. विस्तव तिथे आहे. तपकिरी अंग म्हणजे नुसतं बूड.”

काकू दारात उभ्या राहून हे ऐकत होत्या. त्या आत गेल्या आणि भांडी जरा जास्तच आवाज करत घासायला लागल्या.

मुलीच्या लग्नाचा दिवस ठरला तो मुलीनेच ठरवला. बापाला विचारलं असतं तर पुढचा जन्म उजाडला असता. लग्न साधं, सरकारी कचेरीत सह्या करून, मग दोन्ही घरच्यांचं जेवण. फोन ठेवल्यावर काकू पुढच्या खोलीत आल्या आणि चाक बंद केलं. तात्यांचं चाक आजवर कोणी बंद केलं नव्हतं.

“लेकीच्या लग्नात माझ्या वडिलांचा दगड माझ्या गळ्यात पाहिजे,” काकू म्हणाल्या. “नसेल तर मी येणार नाही. तुम्ही एकटे जा, आणि विहीणबाईंना सांगा, थांबा, बायको अजून वाळली नाही.”

तात्या हसले. काकू हसल्या नाहीत. तेव्हा तात्यांनी हसणं अर्ध्यात गिळलं.

काकू लेकीच्या लग्नाला न जाण्याइतक्या हट्टी होत्या का? होत्या. ते तात्यांना पक्कं माहीत होतं. एकदा त्यांनी काकूंचं नवं पातेलं दगड भिजवायला घेतलं होतं, तेव्हा काकूंनी ते पातेलं परत मिळेपर्यंत चूल पेटवली नव्हती, आणि दोघंही सलूनवाल्याकडे जेवली होती.

झालं, वाळवण सुरू झालं. तात्यांनी दगड ओल्या फडक्यात गुंडाळून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवला आणि झाकणाला खिळ्याने एक भोक पाडलं. दर काही दिवसांनी आणखी एक भोक. पाण्याने कळू न देता निघून जावं, असा बेत. बाळंतिणीच्या खोलीतही इतका बंदोबस्त नसतो. खिडकी बंद. पंखा बंद. दारातून येणाऱ्याने दार हळू उघडायचं, उघडल्यावर लगेच लावायचं, आणि शिंक आली तर बाहेर जाऊन शिंकायचं. मदतीला म्हणून काकूंची बहीण येऊन राहिली होती. ती घामाने निथळत म्हणाली, “भावजी, दगडाचं पाणी राहिलं त्याच्याच पोटात, आमचं मात्र सगळं निघालं.”

“थांबा,” तात्या डब्याला कान लावून म्हणाले.

“काय ऐकताय? रडतोय का तो?”

“तडा जाताना आवाज होतो,” तात्या गंभीरपणे म्हणाले. “बारीक. टिक.”

त्यानंतर घरात कुठेही टिक झालं, की तात्या ताटावरून उठायचे. बहिणीने एक-दोनदा मुद्दाम जिभेने टिक केलं, तेव्हा काकूंनी तिला चिमटा काढला. पण काकूंचाही घास तोंडापाशी थबकायचा. गंमत ती गंमत, पण त्या डब्यात त्यांच्या वडिलांची एवढी एकच खूण होती, आणि ती आता ओल्या फडक्याच्या हवाली होती.

मग एका दुपारी तात्या जेवायला बसले आणि म्हणाले, “आज भाजी छान झालीय.”

काकूंनी पळी खाली ठेवली. या माणसाने जेवणाला छान म्हटलं ते फक्त दोनदा: एकदा काकूंच्या सोन्याच्या बांगडीवर पॉलिशची भुकटी सांडली होती तेव्हा, आणि एकदा तात्यांची आई काकूंना न विचारता महिनाभर राहायला येणार होती तेव्हा.

जेवण झाल्यावर त्या पुढच्या खोलीत गेल्या. डबा उघडा पडला होता. दगड पुन्हा खिडकीतल्या बरणीत होता, पाण्यात, अगदी अखंड, विस्तव पूर्वीसारखाच पेटलेला.

“अजून आत पाणी आहे,” तात्या त्यांच्या मागून म्हणाले. नेहमीचा जोर नव्हता. “आणखी थोडं थांबायला पाहिजे.”

“लग्न तोंडावर आलंय.”

“दगडाला ते कसं सांगायचं?”

काकूंनी दगडाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. नवरा चाकाचा पट्टा तपासत होता. पट्ट्याला काहीही झालं नव्हतं.

तात्या फळवाल्याशी समेट करायला बाहेर पडले तशी काकूंनी बाह्या वर केल्या. बरणीत हात घातला, दगड बाहेर काढला, कोरड्या फडक्याने पुसला आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. खिडकी सताड उघडली. स्टूल ओढून समोर बसल्या.

“ताई, भावजी जीव देतील,” बहीण म्हणाली.

“थांबायला सांगेन त्यांना,” काकू म्हणाल्या.

वारा आत आला. कितीतरी दिवसांनी त्या खोलीत वारा आला होता. दगडाच्या अंगावरचं ओलेपण हळूहळू आकसत गेलं. आणि मग, कोणी अदृश्य कोळ्याने बसून जाळं विणावं तशी, विस्तवाच्या अंगावर एक रेघ उमटली. तिच्यातून दुसरी निघाली. दुसरीतून तिसरी. टिक झालं नाही, काही झालं नाही. रेघा नव्याने पडतच नव्हत्या. त्या आधीपासूनच होत्या, पाण्याने फक्त झाकल्या होत्या. हिरवा आणि निळा विस्तव त्या जाळ्याआड फुटक्या आरशासारखा तुकडे तुकडे होऊन पडला होता.

तात्या दोन संत्री घेऊन आले, दारातच थांबले आणि एक संत्रं त्यांच्या हातातून घरंगळत बहिणीच्या पायाशी गेलं.

मग तात्याच म्हणाले, “पाण्यात तडे दिसत नाहीत. फटीत पाणी भरलं, की उजेडाला ती कळतच नाही.”

“उजेडाला नसेल कळत,” काकू म्हणाल्या. “भाजी छान झाली म्हटल्यावर मला कळलं.”

तात्या स्टुलापाशी खाली जमिनीवरच बसले. इतका मोठा मिशाळ माणूस, पण त्या वेळी वर्गाबाहेर उभं केलेल्या पोरासारखा दिसत होता. “मी सगळं बरोबर केलं गं,” ते म्हणाले. “एकही भोक घाईने पाडलं नाही. तरी त्याने दगा दिला. मी तुला शब्द दिला होता. एवढी वर्षं जपला तो याच दिवसासाठी, आणि तुझा विस्तव गेला.”

“माझा?” काकू म्हणाल्या.

“मग कोणाचा?”

काकूंनी दगड उचलला, उलटा केला आणि तपकिरी अंगावर नखाने टकटक केलं. “हे फुटलंय का?”

“ते? त्याला काय होतंय! ते नुसतं बूड...” तात्या बोलता बोलता थांबले, कारण काकूंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

“मी लहान असताना एकदा घरात लाकडं संपली,” काकू म्हणाल्या. “आई पाणी तापवायला बसली होती. मी मोठ्या ऐटीत वडिलांच्या टेबलावरचा हा तुकडा उचलला आणि चुलीच्या तोंडाशी नेला. वडिलांनी झडप घालून काढला. मला वाटलं, आता मार बसणार. तर ते खाली बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग मला मांडीवर घेऊन ही वलयं बोटाने दाखवली, ही गाठ दाखवली. म्हणाले, हे झाड तुला फसवू शकलं, म्हणजे अजून झाडच आहे. त्यांचं बोट फिरून फिरून इथे असं गुळगुळीत झालंय, बघा. तुमच्या त्या विस्तवाकडे त्यांनी कधी ढुंकूनही पाहिलं नाही. मीही नाही. मला हे हवं होतं. पहिल्या दिवसापासून हेच हवं होतं.”

“मग सांगितलं का नाहीस?” तात्या ओरडले.

“सांगायला तोंड उघडलं होतं की! पुढे काय झालं, आठवा.”

बहिणीने पायाशी आलेलं संत्रं उचललं. ती म्हणाली, “म्हणजे भावजी, तुम्ही जन्मभर भलतीच बाजू पाण्यात ठेवलीत?”

“आणि बरणी फिरवणारी मांजर मी होते,” काकू म्हणाल्या.

तात्यांनी काकूंकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं, पुन्हा काकूंकडे पाहिलं. त्यांच्या मिशीचं एक टोक हलायला लागलं, मग दुसरं. हसू आलं ते आधी काकूंना, मग बहिणीला, आणि शेवटी तात्या असे हसले, की सलूनवाला अर्धी दाढी केलेल्या गिऱ्हाइकाला सोडून, हातात वस्तरा घेऊन, काय झालं ते बघायला धावत आला. वस्तरा बघून बहीण किंचाळली.

त्या दुपारीच चाक सुरू झालं. विस्तवाचं अंग तात्यांनी करवतीने वेगळं केलं; करवत लागताच ते जाळ्याच्या रेघांवरून खडीसाखरेसारखं विखुरलं. एक क्षण त्यांनी डोळे मिटून घेतले. मग तपकिरी अंग चाकावर धरलं, आणि ते निमूटपणे घासलं गेलं. त्याच्या पोटात तडकायला पाणी नव्हतंच. ते कोणाला घाबरत नव्हतं. मुकादमाचं बोट जिथे फिरलं होतं तिथे तात्यांनी चाक लावलंच नाही. काकूंनी सांगितलं नव्हतं. त्यांचं त्यांनाच सुचलं.

आणि जसजशी चकाकी चढत गेली, तसतसा तात्यांचा आवाज परत आला. “अगं, हे बघ! नुसतं तपकिरी कुठे आहे हे! इथे गंज दाट बसला म्हणून तांबूस, इथे विरळ म्हणून मधासारखं पिवळं. ही काळी रेघ म्हणजे खरं लाकूड, जळून उरलेला कोळसा. आणि हे भोक बघ, किड्याने पाडलेलं! किडा कुठल्या कुठे गेला, त्याचं बीळ भरून दगड झालं. असलं बूड मी उभ्या जन्मात पाहिलं नाही!”

“मी पाहिलंय,” काकू म्हणाल्या. “मांडीवर बसून.”

लग्नाच्या दिवशी कचेरीच्या त्या लांबोळक्या खोलीत काकू ठेवणीतले कपडे घालून पहिल्या बाकावर बसल्या. गळ्यात साध्या साखळीत तो तपकिरी खडा. सह्या झाल्या. मुलगी येऊन आईच्या गळ्यात पडली, मग मागे सरून खड्याकडे बघत म्हणाली, “आई, हे आजोबांचं लाकूड ना? किती सुंदर दिसतंय तुला!” काकूंनी नुसतं खड्यावर बोट फिरवलं.

तेवढ्यात नवरदेवाचे वडील पुढे झाले आणि सहज, बोलायला काही तरी पाहिजे म्हणून, विचारलं, “विहीणबाई, हा कसला हो खडा?”

एवढंच पुरलं. तात्या दोघांच्या मध्ये आले. “इथल्या ट्यूबलाइटमध्ये काही कळायचं नाही,” ते म्हणाले. “जरा इकडे दे गं, यांना उन्हात दाखवून आणतो.” आणि काकूंचा हात वर जायच्या आत त्यांनी मागून साखळीची कडी सोडवली, खडा मुठीत घेतला, व्याह्यांच्या दंडाला धरलं आणि चालू लागले. “हे झाड होतं बरं का,” त्यांचा आवाज दारापलीकडून आला, खाली, अगदी खाली, कोणी झोपलेलं जागं होऊ नये असा. पायऱ्या उतरून दोघं समोरच्या फूटपाथवर गेले, आणि तात्या इकडेतिकडे बघायला लागले.

“फळवाला शोधतायत,” काकू म्हणाल्या.

कोपऱ्यावर एक गाडी होती. तात्या व्याह्यांना घेऊन तिकडे वळले. दारात मुलगी आणि रिकाम्या गळ्याच्या काकू एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या, आणि त्या दोन पाठी गर्दीत दिसेनाशा होईपर्यंत बघत राहिल्या.